नायकाकडे बघू नका: मूक विनोदपटातल्या दुय्यम नटाचा माग कसा काढायचा

माझ्या पहिल्या वहीत एका पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय: 'एरिक कॅम्पबेल, १९१८'. खाली दोन रेघाही मारल्यात, एवढी मला खात्री होती. धिप्पाड माणूस, कपाळात चढलेल्या काळ्याभोर भुवया, भरघोस दाढी, आणि त्याच्या पोटाशी टक्कर घेणारा, मिशीवाला, काठीवाला बुटका. दुसरं कोण असणार? सहा महिन्यांनी कळलं की कॅम्पबेल २० डिसेंबर १९१७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मोटार अपघातात गेला होता. मी ज्याला कॅम्पबेल समजून बसले होते तो बेब हार्डी, म्हणजे पुढे लॉरेलच्या जोडीने जगभर गाजलेला ऑलिव्हर हार्डी. आणि तो बुटकाही चॅप्लिन नव्हता. तो होता बिली वेस्ट, चॅप्लिनची नक्कल करून पोट भरणारा. नक्कल करायची तर पुरती करायची, म्हणून हार्डीला कॅम्पबेलच्या भुवया लावून उभं केलेलं.

ती नोंद मी खोडलेली नाही. एका दुय्यम नटाची नक्कल करायला दुसरा नट ठेवावा लागत होता, म्हणजे त्या दुय्यम नटाची लोकांत किती ओळख होती बघा! कुठल्याही श्रेयपाटीवरून हे मला कळलं नसतं.

तर हे काम कसं करायचं ते सांगते. मला अठरा वर्षं झाली, पगार कुणी देत नाही, वह्या अकरा भरल्यात.

आधी माणूस निवडा

नवशिके सगळे कीस्टोन कॉप्सकडे धावतात. धावू नका. निर्माता मॅक सेनेटने १९१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एडनडेल भागात कीस्टोन ही चित्रपट कंपनी सुरू केली. तिथले ते धडपडणारे पोलीस म्हणजे एकसारखे गणवेश, एकसारख्या टोप्या, एकसारख्या मिश्या, आणि सगळे कॅमेऱ्यापासून लांब पळताहेत. आज पोलीस असलेला उद्या वेटर, परवा नायकाचा सासरा. पडद्यावर नावं जवळजवळ कुणाचीच नाहीत. तिथून सुरुवात केलीत तर महिन्याभरात कंटाळाल.

त्यापेक्षा एका नायकाजवळ वर्ष-दोन वर्षं टिकलेला नट धरा. सगळ्यात सोयीचे म्हणजे चॅप्लिनचे म्युच्युअल कंपनीसाठी केलेले १२ चित्रपट. मे १९१६ ते ऑक्टोबर १९१७ एवढ्या काळात ते आले, एकाच टोळीने केले, सगळेच्या सगळे उपलब्ध आहेत आणि दुरुस्त केलेल्या चांगल्या प्रती मिळतात. प्रत्येक चित्रपट दोन रिळांचा, म्हणजे रोज रात्री जेवणानंतर एक बघून होतो. टोळी लहान: धिप्पाड कॅम्पबेल, गोलमटोल हेन्री बर्गमन, शिडशिडीत अल्बर्ट ऑस्टिन, बारकासा लॉयल अंडरवूड, जॉन रँड, शिवाय उमराव किंवा परदेशी गृहस्थ लागला की लिओ व्हाइट. नायिका एडना पर्व्हिअन्स. एका आठवड्यात हे चेहरे शेजाऱ्यांसारखे ओळखू येतात.

त्यातही पहिला अल्बर्ट ऑस्टिन घ्या. कॅम्पबेल कुणालाही दिसतो, त्यात तुमच्या डोळ्यांची कसोटी लागत नाही. ऑस्टिन उंच, उदास, साधासुधा, आणि दर चित्रपटात वेगळ्याच वेषात. त्याला बाराही चित्रपटांत शोधा. 'वन ए.एम.' मध्ये तुम्ही फसाल, कारण तो चॅप्लिनचा एकट्याचा खेळ आहे: दारू पिऊन घरी आलेला माणूस, जिना आणि हट्टी पलंग. कॅम्पबेल म्युच्युअलच्या अकरा चित्रपटांत आहे, फक्त ह्यात नाही. पण सुरुवातीला दारात टॅक्सी उभी राहते ना, तिच्या चालकाकडे बघा. तो ऑस्टिन. चित्रपट सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो आणि आपण चार्ली गाडीतून कसा उतरतो त्यात गुंगलेलो असतो. तीन वेळा बघून मला तो दिसला नव्हता.

पुठ्ठ्याचा तुकडा

एक चित्रपट किमान तीन वेळा बघायचा. पहिल्यांदा नुसता बघा, हसा, वही लांब ठेवा. ज्याला हसू येत नाही त्याला पुढचं काही कळणार नाही.

दुसऱ्यांदा बघताना नायकाला झाका. अगदी खरोखर झाका. मी औषधाच्या खोक्याचा एक तुकडा कापून ठेवलाय, पत्त्याच्या पानापेक्षा जरा लहान. चार्ली जिथे जाईल तिथे तो पडद्यावर सरकवत राहायचं. वेडेपणा दिसतो, घरातले हसतात, हसू देत. चांगला नायक आपले डोळे ओढून घेतो, तोच त्याचा धंदा. मनाशी कितीही ठरवलं तरी डोळे तिकडे जातातच. पुठ्ठ्यापुढे इलाज नसतो.

'द पॉनशॉप' मधला घड्याळाचा प्रसंग अशा तऱ्हेने बघा. ऑस्टिन एक गजराचं घड्याळ गहाण ठेवायला येतो. चार्ली ते वैद्यासारखं तपासतो: स्टेथोस्कोप लावतो, बोटाने ठोकतो, गिरमिटाने भोक पाडतो, डबा कापायच्या कात्रीने पाठ उघडतो, आतला वास घेतो. मग स्प्रिंग बाहेर काढून फीत मोजावी तशी मोजतो, चाकं टेबलावर वळवळायला लागली की तेल मारतो. शेवटी सगळा चुरा ऑस्टिनच्याच हॅटमध्ये लोटून देतो आणि नकारार्थी मान हलवतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं.

आता चार्लीवर पुठ्ठा ठेवा. काउंटरच्या अलीकडे एक माणूस उभा आहे. त्याचं घड्याळ मरतंय आणि तो काही करत नाही. नजर घड्याळावर, मग समोरच्या चेहऱ्यावर, परत घड्याळावर. चेहऱ्यावर राग नाही. दवाखान्यात नातेवाईक उभे असतात तसा तो उभा आहे: हे शिकलेले आहेत, ह्यांना कळत असेल. तो एकदा जरी 'अहो, हे काय करताय' अशा अर्थाने हात पुढे करता, तर तो विनोद तिथल्या तिथे संपला असता. चार्लीला डॉक्टर कोण बनवतं? ऑस्टिनचा विश्वास. हॅट हातात परत आल्यावर बिचारा पहिल्यांदा तक्रार करू बघतो, आणि त्याबद्दल डोक्यावर हातोडी खातो.

हे एकदा दिसलं की दुय्यम नटाकडे बघायची तुमची रीत बदलते. त्याने काय केलं हे विचारण्याआधी, त्याने काय केलं नाही आणि किती वेळ केलं नाही, ते बघायला लागता.

तिसऱ्यांदा बघताना वही घ्या. दर प्रसंगाला माझे तीनच रकाने असतात. हशा त्याने दुसऱ्याला मिळवून दिला, मार खाऊन मिळवला, की स्वतःच्या बळावर मिळवला? ऑस्टिन बहुतेक पहिल्या रकान्यात, कॅम्पबेल दुसऱ्यात. तिसऱ्या रकान्यात खूण पडायला लागली की समजायचं, ह्या माणसाचे दिवस पालटताहेत.

तिसऱ्या रकान्याचा राजा म्हणजे जेम्स फिनलेसन. हा स्कॉटलंडचा, हॅल रोचच्या स्टुडिओतला, लॉरेल-हार्डीचा कायमचा वैरी. टक्कल, चिकटवलेली झुपकेदार मिशी, एक डोळा बारीक करून दुसरा वटारायचा. १९२९ च्या 'बिग बिझनेस' मध्ये ते दोघे त्याच्या दारी नाताळची झाडं विकायला येतात. त्याला नकोय. दार लावतो तर फांदी फटीत अडकते, ते सोडवायला पुन्हा घंटा वाजवतात, पुन्हा तेच. शेवटी तो कात्री आणून झाडच छाटतो, आणि तिथून युद्ध पेटतं: हे त्याचं घर मोडतात, तो त्यांची गाडी मोडतो, आणि पोलीस बाजूला वहीत टिपणं घेत उभा. मी तो चित्रपट पुठ्ठा घेऊन बघायला बसले आणि दहा मिनिटांत पुठ्ठा टाकून दिला. फिनलेसनसाठी त्याची गरजच नाही, डोळे आपसूक त्याच्याकडे जातात. आधी बघतो, मान वळवतो, मग कळतं, मग झटक्यात परत बघतो. हे सगळं आवाजाविना, आणि तरी तो ओरडला असं वाटतं.

कान, हात, चाल

आता ओळख पटवण्याचं. मिशी खोटी, भुवया खोट्या, केस खोटे, पोटावर उशी. खरं काय उरतं? कान. कानाची पाळी, वरची कड, डोक्यापासून किती सुटा आहे ते. मेकअप करणारे कानाच्या वाटेला सहसा जात नसत. त्याखालोखाल हात आणि बोटं, आणि मग चाल. उंची मात्र फसवी. कॅम्पबेल सव्वासहा फुटांच्या पुढचा होता, पण चॅप्लिन स्वतः पाच फूट चार-पाच इंचांचा. त्याच्या शेजारी कुणीही राक्षसच दिसतो. उंची मोजायची तर दाराच्या चौकटीशी मोजा.

चेहरा वाचण्याआधी त्या काळच्या फिल्मचा स्वभाव समजून घ्या. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरात असलेल्या फिल्मला निळा रंग चांगला दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून लाल ओठ काळे येतात, तांबूस गाल मळकट दिसतात, आणि निळे डोळे पांढुरके, जवळजवळ आंधळ्यासारखे. एखाद्या नटाचे डोळे भुतासारखे दिसले तर घाबरू नका, 'निळे डोळे?' असं लिहून ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

चाल बघायची तर वेग ठीक हवा. हे गणित एकदा पाठ करा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे १६ सुटी चित्रं. एक रीळ साधारण हजार फुटांचं, म्हणजे १६ हजार चौकटी. सेकंदाला १६ चौकटींनी चालवलं तर ते १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, २४ ने चालवलं तर ११ मिनिटं आणि वर काही सेकंद. तुमच्यासमोरचं एका रिळाचं पूर्ण चित्र जर अकरा मिनिटांत संपत असेल तर ते बहुधा बोलपटाच्या वेगाने पळवलेलं आहे आणि त्यावरून कुणाची चाल ओळखू नका. मात्र उलटंही असतं. कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी. विनोदपटवाले पाठलागाच्या वेळी मुद्दाम सावकाश फिरवत, म्हणजे दाखवताना माणसं तुरुतुरु पळावीत. तेव्हा चाल बघायला पाठलाग निवडूच नये. माणूस खोलीत शिरतो, टोपी काढतो, खुर्ची ओढतो, तो क्षण निवडा.

चौकट-चौकट पुढे न्यायला व्हीएलसी ह्या संगणकावर चित्रपट बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ई' ची कळ दाबा. यूट्यूबवर चित्र थांबवून पूर्णविरामाच्या कळीने पुढे जाता येतं, स्वल्पविरामाने मागे. मी कानाचं चित्र थांबवते, पडद्याचा फोटो काढते आणि एका फोल्डरमध्ये टाकते. माझ्याकडे पाचशेहून जास्त कान आहेत. पाहुण्यांना दाखवत नाही.

एक काळजी घ्या: प्रत उलटी छापलेली असू शकते, डावं उजवीकडे. कानाची तुलना करण्याआधी मागच्या दुकानाची पाटी सरळ वाचता येते का ते बघा. शिवाय त्या काळी परदेशी पाठवायला वेगळी निगेटिव्ह लागे, म्हणून बऱ्याचदा दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावत. त्यामुळे एकाच प्रसंगाच्या दोन प्रतींत कोन किंचित वेगळा मिळतो. एका प्रतीत टोपीखाली गेलेला कान दुसरीत बाहेर असतो. मला दोनदा असा लाभ झालाय.

नावांचा घोळ

पडद्यावरून संशय आला की कागदाकडे वळायचं. मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी ह्या संकेतस्थळावर त्या काळची व्यापारी मासिकं-साप्ताहिकं स्कॅन करून फुकट ठेवलेली आहेत, आणि लँटर्न नावाची शोधसोय आहे. १९०७ ते १९२७ पर्यंत निघालेलं 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' हे मुख्य. त्यात दर आठवड्याच्या चित्रपटांची कथासूत्रं असतात, कधी कधी भूमिकांसकट नावं. नटांच्या डिरेक्टऱ्याही निघत: नट स्वतःची उंची, वजन, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, आधी कुठल्या नाटकमंडळीत होतो, हे छापून आणत, काम मिळावं म्हणून. मघाचे ते पांढुरके डोळे इथे जुळवायचे. वजन मात्र त्यांनीच सांगितलेलं असतं, तेव्हा जरा सांभाळून.

शोधताना एकच नाव टाकून भागत नाही. हार्डी कधी बेब, कधी ऑलिव्हर एन. हार्डी. टकलू एडगर केनेडीने दिग्दर्शन केलं तेव्हा नाव लावलं ई. लिव्हिंगस्टन केनेडी. चार्ली चेस कीस्टोनमध्ये किरकोळ कामं करत होता, आणि दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव चार्ल्स पॅरट, तेच त्याचं खरं नाव. सगळ्यात वाईट घोळ स्नब पोलार्डचा. विनोदवीर हॅरल्ड लॉइडचा हा जोडीदार मूळचा मेलबर्नचा हॅरल्ड फ्रेझर. पोलार्ड नावाच्या बालनाटक मंडळीबरोबर फिरला आणि तेच आडनाव घेऊन बसला. त्याला हॅरी पोलार्ड असंही छापत, आणि त्याच सुमारास हॅरी ए. पोलार्ड नावाचा अगदी वेगळा दिग्दर्शक होता. मी एकदा दोघांची कामं एका पानावर लिहून 'केवढा उद्योगी माणूस' असं कौतुकही लिहून ठेवलं होतं. सुदैवाने स्नबची मिशी चुकत नाही. जर्मन सम्राट कैसरच्या मिशा टोकं वर, ह्याने त्या उलट्या करून टोकं खाली सोडली.

चित्रपटांच्या नावांचंही तेच. गाजलेल्या नटाचे जुने चित्रपट वितरक नवं नाव देऊन पुन्हा विकत. १९१४ चा 'कॉट इन अ कॅबरे' पुढे 'द जॅझ वेटर' झाला. तेव्हा एकच काम दोन ओळींत लिहिलं जाण्याची फार शक्यता. माझी रीत अशी की वहीत नावाआधी कथासूत्र लिहायचं, एका वाक्यात. 'वेटर श्रीमंत असल्याची बतावणी करतो.' दोन ओळींची वाक्यं सारखी आली की चित्रपट एकच का ते तपासायचं.

तारखेला मान द्या, पण डोकं गहाण ठेवू नका

कॅम्पबेलच्या प्रकरणानंतर मी प्रत्येक नटाच्या पानावर वरच्या कोपऱ्यात दोनच गोष्टी आधी लिहिते: कुठल्या तारखेला कुठल्या कंपनीत होता, आणि कधी वारला. पुष्कळ चुका इथेच पकडल्या जातात. सेनेट १९१७ मध्ये कीस्टोनमधून बाहेर पडला. त्यानंतरच्या चित्राला कुणी 'सेनेटचं कीस्टोन' म्हणत असेल तर भुवई वर करा.

पण मृत्यूनंतर चित्रपट येतातही. विनोदवीर बस्टर कीटनच्या सुरुवातीच्या छोट्या चित्रपटांत जवळपास दरवेळी एक डोंगराएवढा माणूस असतो, तो बिग जो रॉबर्ट्स. 'अवर हॉस्पिटॅलिटी' करताना त्याला अर्धांगाचा झटका आला, तरी परत येऊन त्याने काम पुरं केलं. ऑक्टोबर १९२३ मध्ये तो गेला आणि चित्रपट नोव्हेंबरमध्ये लागला. त्यात वैरी घराण्याचा प्रमुख म्हणून तो उभा आहे, पाहुण्याला घरात मारायचं नाही हा रिवाज पाळणारा. ते बघताना मी पुठ्ठा वापरत नाही आणि वहीही उघडत नाही.

कॅम्पबेलचंही थोडं लिहायला हवं. १९१७ च्या जुलैत त्याची बायको गेली, मग मुलीला गाडीने उडवलं, घाईने केलेलं दुसरं लग्न टिकलं नाही, आणि डिसेंबरात तो स्वतः. 'ईझी स्ट्रीट' त्याच वर्षीच्या जानेवारीचा. त्यात तो ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसचा दिवा खांबासकट वाकवतो. चार्ली टुणकन त्याच्या पाठीवर चढतो, त्याचं डोकं दिव्यात कोंबतो, गॅस सोडतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरसारखी नाडी बघतो. तेवढा मोठा देह हळूहळू ढिला पडत जातो. नीट बघा, तो एकदम कोसळत नाही. आधी हात, मग गुडघे. मारामारीत पडणं सोपं, असं टप्प्याटप्प्याने विझणं अवघड. पुढे चार्लीसमोर त्याच्या जागी मॅक स्वेन आला, 'द गोल्ड रश' मधला बिग जिम त्यानेच केला आणि झकास केला. पण कॅम्पबेलसमोर चार्लीला जीव वाचवायची जी घाई असायची ती मला नंतर कधी दिसली नाही. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

जे उरलंच नाही

रिकाम्या जागा राहणारच. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या सुमारे ११ हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी फक्त १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्ण उरलेत. छोटे विनोदपट त्या हिशोबात नाहीतच. नायट्रेटची फिल्म जळायची, विरघळायची, पावडर व्हायची. म्हणून 'त्याने १९२० मध्ये काम केलं नाही' असं कधी लिहू नका. 'दिसत नाही' असं लिहा.

उलट कधी काही सापडतंही. 'अ थीफ कॅचर' हे १९१४ चं एका रिळाचं कीस्टोन चित्र मिशिगनमध्ये जुन्या वस्तूंच्या विक्रीत कुणीतरी घेतलं. फोर्ड स्टर्लिंग, मॅक स्वेन, एडगर केनेडी दिसले, म्हणजे नेहमीचंच. नीट बघितल्यावर मध्येच काही मिनिटांपुरता एक पोलीस येतो, तो चॅप्लिन. २०१० मध्ये ते पुन्हा लोकांना दाखवलं. चॅप्लिनला दुय्यम नट म्हणून शोधावं लागलं, ह्याचा मला अजून आनंद होतो. लॉरेल-हार्डीच्या 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' चं दुसरं रीळ, ज्यात लोक एकमेकांवर 'पाय' (pie) नावाचा केकसारखा पदार्थ फेकतात, २०१५ मध्ये सापडल्याचं जाहीर झालं. त्यात अनिता गार्विन असल्याच एका 'पाय'वर बसते, उठते, आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात निघून जाते. तेवढंच तिचं काम. त्या लढाईतला सगळ्यात मोठा हशा माझ्या वहीत तिच्या नावावर आहे, तिसऱ्या रकान्यात.

पान बंद करण्याआधी बोलपटांतही डोकावून या. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' हा बोलपटांचं युग सुरू करणारा चित्रपट आला म्हणून हे लोक नाहीसे झाले नाहीत, नुसते मागच्या रांगेत गेले. अल सेंट जॉन, विनोदवीर फॅटी आरबकलचा भाचा आणि सायकलवर कसरती करणारा, पुढे दाढी वाढवून घोडेस्वारीच्या चित्रपटांत 'फझी' म्हणून गाजला. 'मॉडर्न टाइम्स' मध्ये यंत्रात अडकून पडलेला आणि चार्लीकडून जेवण भरवून घेणारा तो कारागीर म्हणजे चेस्टर कॉन्कलिन, वॉलरसमिशीवाला. 'द ग्रेट डिक्टेटर' मध्ये तोच न्हाव्याच्या खुर्चीत बसलाय, आणि हुकूमशहा हिंकेलची हजामत करणारा न्हावी आहे लिओ व्हाइट, म्युच्युअलमधला आपला उमराव. हेन्री बर्गमन १९१६ पासून १९३६ पर्यंत चार्लीच्या चित्रपटांत दिसत राहिला. 'द रिंक' मध्ये तर त्याने कॅम्पबेलची बायको केली आहे, झगा घालून.

आता तुमची वही सुरू करा. आणि नाव सापडलं नाही तर पान रिकामं ठेवू नका, टोपणनाव द्या. माझ्याकडे एक 'डावखुरा वेटर' आहे. पाच वेगवेगळ्या चित्रपटांत दिसला, दरवेळी मागच्या टेबलाशी, दरवेळी तबक डाव्या हातात. उजव्या कानाच्या वरच्या कडेला बारीकशी खाच आहे, त्यावरून तो एकच माणूस हे नक्की. नाव अजून मिळालं नाही. गेल्या महिन्यात सहाव्या ठिकाणी सापडला. ह्यावेळी वेटर नव्हता, लग्नाच्या वऱ्हाडात होता आणि दोन्ही हात खिशात घालून उभा होता. कान बघितला. खाच होती, पण डाव्या कानाला. मागच्या दुकानाची पाटी वाचली, अक्षरं उलटी. प्रत उलटी करून घेतली आणि त्याच्या पानावर सहावी ओळ लिहिली.